रजाबाई

रजाबाईंना किळस फार यायची. माणसांना राग येतो, कंटाळा येतो, वाईट वाटतं. त्यांना या सगळ्यांच्या जागी किळसच यायची. एखाद्या कारखान्याचं मस्टर त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यात काही काळंबेरं दिसलं, की त्या ते दोन बोटांनी कोपऱ्याला धरून टेबलाच्या कडेला सरकवायच्या; मोरीत सापडलेलं ओलं फडकं धरावं तसं. मग म्हणायच्या, "शी!" हा शी पोटातून यायचा. त्यानंतर त्या खरोखरच उठायच्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर साबण लावून हात धुवायच्या. समोर कारखान्याचा मालक बसलेला असला तरी. हात धुण्याचा आवाज ऐकत त्याला बसावं लागायचं.

त्यांचं खरं नाव ग्रेसी लोपीस. राहायला ठाण्याला कोपरीत. घराणं खाडीकाठचं, वडील मिठागरावर मुकादम. मराठी शाळेत शिकल्या, नोकरी करत वकिलीची परीक्षा दिली, पण कोर्टाची पायरी फारशी चढल्या नाहीत. तीस वर्षं कारखान्यांना कामगार कायद्याचा सल्ला देत राहिल्या. मी त्यांना भेटले तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. ठेंगणी मूर्ती, बारीक कापलेले पांढरे केस, सुती पंजाबी ड्रेस, गळ्यात नखाएवढा क्रूस. जुन्या मारुतीतून शीळफाट्याच्या गर्दीत अडकत, ट्रकवाल्यांशी भांडत, रोज डोंबिवलीला यायच्या. एमआयडीसीत टायरच्या दुकानावर एक खोली, तेच आमचं ऑफिस. खिडकी उघडली की केमिकलचा वास आणि बंद केली की रबराचा. "यातला कुठला घ्यायचा ते तू ठरव," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

आमचं काम सांगायला सोपं होतं. किती दिवसांमागे किती पगारी रजा, कंत्राटी माणसाला काय काय लागू, तात्पुरत्या कामगाराला कोणतं पत्र द्यायचं, नोंदी कशा ठेवायच्या, हे मालकांना समजावून द्यायचं आणि ते तसं होतंय ना ते बघायचं. "आपण धोबी नाही, परब," त्या म्हणायच्या. त्या सगळ्यांना आडनावाने हाक मारत. "डाग काढून द्यायचं काम आपलं नाही. डाग पडू नये म्हणून आधी ओरडायचं, ते आपलं."

मला त्यांनी घेतलं ते माझ्या मराठीसाठी. दोन मुलांच्या मागे दहा वर्षं घरात गेलेली, वय अडतीस, कॉम्प्युटरवर हात बसलेला पण बाकी अनुभव काही नाही. मी अर्ज मराठीत केला होता, कारण इंग्रजीत केला असता तर चुका झाल्या असत्या. तो वाचून त्या म्हणाल्या, "कामगाराला कळेल असं या धंद्यात कोणी लिहीत नाही. तू लिहितेस." तेव्हापासून कारखान्यांच्या फलकांवर लागणाऱ्या सूचना, रजेचे अर्ज, नेमणुकीची पत्रं, सगळं मराठी माझ्याकडे आलं. दहा वर्षांत कोणी माझं कशाबद्दल कौतुक केलं नव्हतं. मी त्यावर फुलले होते, हे लपवत नाही.

रजाबाई हे नाव कारखान्यातल्या माणसांनी ठेवलेलं. मुंबईतल्या त्या टॉवरच्या नावातला एक काना काढला की झालं. त्या गेटात शिरल्या की वॉचमन आत फोन करायचा, "रजाबाई आल्या," आणि मॅनेजर लोक कपाटं उघडून रजेच्या वह्या शोधायला लागायचे. नाव त्यांना ठाऊक होतं. आवडतही असावं, पण तसं कधी कबूल केलं नाही. "निदान पगारबाई नाही म्हणत," एवढंच म्हणाल्या.

मालकांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. सगळं ऐकून घ्यायचं, चहा मागवायचा आणि मग आवाज खाली आणून, "मॅडम, पण यातून काही वाट?" रजाबाईंचं उत्तरही ठरलेलं होतं. "वाट कशाला? दार उघडं आहे, सरळ चालत जा. तुम्हाला खिडकीतूनच उडी मारायची हौस का?" कोणी फार अडून बसला तर म्हणायच्या, "कायदा पाळायला अक्कल लागत नाही हो. लाज लागते. ती माझ्याकडे विकत मिळत नाही."

एकदा ठाण्याच्या एका मोठ्या सोसायटीने आम्हाला सभेला बोलावलं. वॉचमन आणि साफसफाईच्या बायका एजन्सीमार्फत होत्या, त्यांच्या रजेवरून कुठलीशी नोटीस आली होती. क्लबहाऊसमध्ये एसी लावून सव्वाशे माणसं बसलेली. रजाबाईंनी माइकवरून सगळं नीट सांगितलं. एक निवृत्त गृहस्थ उठले आणि म्हणाले, "अहो, वॉचमनला कसली रजा? दिवसभर खुर्चीत बसूनच तर असतो."

"तुम्ही कुठे होता नोकरीला?" रजाबाईंनी विचारलं.

"बँकेत."

"उभे राहून केलीत?"

लोक हसले. पण मग एक बाई म्हणाली की या लोकांना सवयी लावू नयेत, एकदा रजा दिली की आजारी पडायला शिकतात. त्यावर बऱ्याच माना हलल्या. चांगल्या घरातल्या, शिकल्यासवरल्या माना.  रजाबाई फक्त शी म्हणाल्या. माइक चालूच होता. त्या सोसायटीने आम्हाला परत बोलावलं नाही. पण वॉचमनच्या केबिनबाहेर रजेचा तक्ता लागला, असं पुढे कळलं.

त्यांची किळस नेहमी न्यायाचीच होती असं मात्र नाही. गाडीच्या चावीने कान कोरणारे, प्लॅस्टिकची फुलं, सकाळी मोबाइलवर गुलाबाचं चित्र पाठवणारे नातेवाईक, माझ्या डब्यातली शेपूची भाजी, या सगळ्यांचा त्यांना तितकाच तिटकारा. शेपूच्या दिवशी मी गॅलरीत जेवायची. एका मुलाला त्यांनी नोकरीच्या मुलाखतीतून परत पाठवलं, कारण तो नखं खात होता. तो बिचारा घाबरला होता, एवढंच. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "घाबरला तर पाणी मागायचं. स्वतःलाच काय खायचं?" एकदा मनातून उतरलेला माणूस त्यांच्याकडे परत वर चढत नसे. हे मी बघत होते. आपल्यावर ती पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्या सगळ्या अशिलांत त्यांना एकाच माणसाबद्दल आदर होता. त्यांना आपण कर्णिकसाहेब म्हणू. त्यांच्या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनत. पॅकिंगला बेचाळीस बायका, सगळ्या कंत्राटदारामार्फत, कोणी सात वर्षं तर कोणी बारा वर्षं तिथेच. कर्णिकसाहेब मृदू बोलणारे, गाण्याचे शौकीन, शिपायालाही "जेवलास का" विचारणारे. दोन वर्षं पाठी लागून रजाबाईंनी त्या बायकांना पगारी रजा मिळवून दिली होती आणि कर्णिकांनी ती खळखळ न करता दिली होती. "कर्णिकांचं मस्टर वाचून मला हात धुवावे लागत नाहीत," असं त्या इतर मालकांना ऐकवायच्या. औषध कंपन्या त्यांच्याकडून माल घेताना कामगारांना नीट वागवता ना, याचा कागद मागत. तो दाखला दर वर्षी रजाबाईंच्या सहीने जायचा.

मग नवे कायदे लागू झाले आणि आमचा फोन दिवसभर वाजायला लागला. पूर्वी वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं तर पगारी रजा लागू व्हायची. आता एकशे ऐंशीच दिवस पुरे. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसालाही कायम माणसासारखेच फायदे. मालक घाबरले होते. रजाबाई मात्र खुशीत होत्या. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक कारखान्यात जाऊन त्या कामगारांना एकत्र बोलवायच्या आणि स्वतः समजावून सांगायच्या. कर्णिकांच्या शेडमध्ये त्या एका लाकडी खोक्यावर उभ्या राहिल्या. बेचाळीस बायका डोक्याला जाळीच्या टोप्या घालून समोर. "आता सहा महिने भरले की रजा सुरू. कंत्राट असो नाहीतर आणखी काही. नवे कागद येतील. घाबरू नका, सह्या करा, ते तुमच्या फायद्याचे आहेत." बायकांनी टाळ्या वाजवल्या. कर्णिकांचा एचआरवाला दळवी मोबाइलवर शूटिंग करत होता.

पुढच्याच आठवड्यात दळवीचा मला फोन आला. रजाबाई शीळफाट्याला अडकल्या होत्या, ऑफिसात मी एकटी.

"परब मॅडम, एक छोटंसं काम होतं. राजीनाम्याचा साधा नमुना द्याल का, मराठीत? दोन-चार जणी सोडून चालल्यात. इंग्रजी जमत नाही त्यांना."

मी दहा मिनिटांत लिहून दिला. 'घरच्या अडचणींमुळे मला यापुढे काम करणं जमणार नाही. हा राजीनामा मी स्वखुशीने देत आहे. माझं काहीही येणं बाकी नाही. इतकी वर्षं मला इथे घरच्यासारखं वागवलं, त्याबद्दल मी सर्वांची आभारी आहे.' शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी आपल्या हौसेने घातलं.

"नाव आणि तारीख कोरी ठेवा," दळवी म्हणाला.

तारीख कोरी कशाला, असं माझ्या मनात आलं. आलं आणि मी ते चहाबरोबर गिळलं. त्याने उलट फोन करून "काय लिहिता हो तुम्ही, एकदम मनातलं!" म्हटलं आणि माझा दिवस छान गेला. रजाबाई आल्यावर मी त्यांना बाकीचे सगळे फोन सांगितले. हा सांगितला नाही. त्यात काही वावगं नव्हतं, तर मग का नाही सांगितला? याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच ते लिहायला जड जातं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी कर्णिकांच्या पॅकिंगमधली सुगंधा नावाची बाई आमच्या जिन्यावर दिसली. मोहन्याहून दोन बस बदलून आली होती. सावकाश, कठड्याला धरून चढत होती. अकरा वर्षांची नोकरी. गर्भाशयाची पिशवी काढायचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यासाठी तिने रजा मागितली. तर दळवीने सांगितलं, तुझी कसली रजा, तू राजीनामा दिलास. आता तू दुसऱ्या कंत्राटदाराकडे नवीन लागलेली आहेस, तुझे अजून वीस दिवससुद्धा भरलेले नाहीत.

"मी कधी दिला राजीनामा?" सुगंधा म्हणाली. "नव्या कायद्याचे फारम आहेत म्हनले. धा-बारा कागद होते. रजाबाईंनी सांगितलंय, करा सह्या, म्हनले. मोबाइलवर तुमचं बोलनंबी दाखवलं. मग केल्या आम्ही सगळ्यांनी."

तिने पिशवीतून राजीनाम्याची झेरॉक्स काढून रजाबाईंपुढे ठेवली.

रजाबाईंनी ती वाचली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. त्यांनी कागद कोपऱ्याला धरला नाही, सरकवला नाही. दोन्ही हातांनी नीट धरून पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परब, हे मराठी तुझं आहे."

मी झेरॉक्सकडे पाहिलं.

"'घरच्यासारखं वागवलं.' हे दळवीला सुचणार नाही. तुझं आहे."

"हो, मॅडम. पण त्याने मला सांगितलं, दोन-चार जणी..."

"मला नको सांगू. तिला सांग. ती बसली आहे समोर."

तिची खुर्ची माझ्यापासून अर्ध्या हातावर होती. मी सुगंधाला सांगितलं की हे मी लिहिलंय. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती चिडेल, रडेल, निदान मला बोलेल असं वाटलं होतं. ती कागदाकडे बघत म्हणाली, "चांगलं लिवलंय, ताई. पोरीनं वाचून दाखवलं तवा मला वाटलं, मीच दिला असंल."

मी तोवर रजाबाईंचं किळस येणं पाहिलं होतं. ते आतून कसं असतं ते मला त्या क्षणी कळलं. तोंडात काहीतरी कडू येतं आणि ते थुंकायला जागा नसते.

आम्ही तिघी रजाबाईंच्या मारुतीतून कर्णिकांकडे गेलो.  कारखान्याच्या आवारात गाडी लावल्यावर रजाबाई उतरल्या नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. "खोक्यावर उभी राहून मी सांगितलं त्यांना, सह्या करा म्हणून," त्या म्हणाल्या. "तो तुझं मराठी घेऊन गेला आणि माझं तोंड."

कर्णिकसाहेब उठून उभे राहिले. सुगंधालाही खुर्ची दिली, तिची तब्येत विचारली, काजूकतली मागवली. मग शांतपणे म्हणाले, "लोपीस मॅडम, कायदा कुठे मोडलाय सांगा. जुना कंत्राटदार गेला, नवा आला. नव्याकडे या नव्या आहेत. एकशे ऐंशी दिवस भरले की रजा देऊ ना आम्ही."

"आणि ते भरायच्या आधी तिसरा कंत्राटदार येईल."

"धंद्यात बदल होतात, मॅडम."

"बेचाळीस बायकांना एकाच दिवशी घरच्या अडचणी आल्या?"

"त्यांनी स्वखुशीने लिहून दिलंय." ते हसले. वाईट नाही, अगदी सभ्य हसले. "तुमच्याच ऑफिसचा नमुना आहे. आम्ही तुमच्या सल्ल्याबाहेर कधी गेलोय का?"

दळवी भिंतीला टेकून उभा होता. तो माझ्याकडे बघून किंचित हसला, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. कर्णिकांपेक्षाही जास्त.

रजाबाई म्हणाल्या, "बेचाळीसच्या बेचाळीस राजीनामे परत द्या आणि त्यांची जुनी नोकरी धरून नवी पत्रं द्या. नाहीतर मी माझा दाखला परत घेते. तुमचा माल घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला आणि कामगार कार्यालयाला लेखी कळवते की मी सही केलेला कागद खोटा होता."

"तुमची सही खोटी होती, असं तुम्हीच लिहिणार?" कर्णिकांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "मग तुम्हाला पुढे कोण काम देईल?"

"कोणी नाही," रजाबाई म्हणाल्या. "पत्र उद्या संध्याकाळी जाईल."

काजूकतली कोणी खाल्ली नाही. निघताना सुगंधाने मात्र एक उचलून पदरात बांधली. "पोरीला," ती म्हणाली. मला त्याचं बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कर्णिकांचा फोन आला नाही. रजाबाईंनी पत्र लिहिलं. त्यासोबत माझंही निवेदन हवं होतं: नमुना कोणी मागितला, काय सांगून मागितला, तारीख कोरी ठेवायला कोणी सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते. "नाही," त्या म्हणाल्या. "तू लिही. तुझं मराठी चांगलं आहे." मला तीन कागद फाडावे लागले. माझ्या हातून पुनःपुन्हा 'माझ्याकडून अनवधानाने' असं पडत होतं. चौथ्या कागदावर मी तो शब्द काढला आणि लिहिलं की तारीख कोरी का, हा प्रश्न मला पडला होता आणि मी विचारला नाही. रजाबाईंनी वाचलं आणि पाकिटात घातलं.

कामगार कार्यालयातून हालचाल व्हायला वेळ लागला. औषध कंपन्यांचं तसं नव्हतं. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने आठवड्याच्या आत कर्णिकांचा माल थांबवला. मग सगळं झटपट झालं. राजीनामे रद्द झाले, बायकांची जुनी वर्षं पत्रावर आली, दळवी नोकरी सोडून गेला. त्याने राजीनामा कसा लिहिला असेल ते मला माहीत नाही. सुगंधाला रजा मिळाली. कळव्याला तिचं ऑपरेशन झालं, नीट झालं. तरी सगळं गोड झालं असं म्हणवत नाही. त्या गोंधळाच्या दिवसांत सहा जणी घाबरून किंवा कंटाळून गावी निघून गेल्या होत्या. त्यांची पत्रं दळवीच्या जागी आलेल्या माणसाच्या टेबलावर पडून राहिली.

आणि आमचे फोन बंद झाले. मालकांच्या ग्रुपवर आमच्याबद्दल काय फिरत होतं ते एकाने मला दाखवलं. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई.' तीस वर्षांचे अशील दीड महिन्यात गेले. कोणी कारण सांगितलं, कोणी तेही नाही. एक जण तर वह्या न्यायला स्वतः न येता ड्रायव्हरला पाठवून मोकळा झाला. रजाबाई प्रत्येकाची वही पुसून, नीट बांधून, पोच घेऊन परत देत होत्या.

एका सोमवारी त्यांनी मला समोर बसवलं आणि ऑफिस बंद करत असल्याचं सांगितलं. नोटिशीचं पत्र तयार होतं, अनुभवाचा दाखला तयार होता. तिसरा कागद माझ्या रजेच्या हिशोबाचा. सतरा दिवस शिल्लक होते.

"आजपासून ही रजा घे. ती संपेल तेव्हा नोटिशीची मुदतही संपेल."

"मॅडम, आवराआवर करायची आहे. मी थांबते ना. रजा नको मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुगंधा आली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "परब, तुझं तोंड मला बघवत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ते माझं दुखणं. रजा हा तुझा हक्क आहे. या दोन गोष्टी मी एकत्र करणार नाही. सही कर. आधी वाच."

मी वाचलं आणि सही केली.

ते सतरा दिवस मी घरात बसून काढले. भरपगारी रजा इतकी जड असते हे मला ठाऊक नव्हतं. अठराव्या दिवशी उठून मी कोपरीला गेले. त्यांच्या घराची गल्ली अरुंद, दारात मोगऱ्याच्या कुंड्या. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी माफी मागायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं.

"माझी कशाला? माझं काय गेलं? साठी झाली, ऑफिस कधीतरी बंद करायचंच होतं. बेचाळीस बायका आहेत. त्यांची यादी तुझ्याकडे आहे."

"त्यांना सांगून काय होणार, मॅडम? आता सगळं नीट झालंय."

"त्यांना अजून वाटतंय की रजाबाईंनी फसवलं, नाहीतर नव्या कायद्याने फसवलं. पुन्हा कुठलाही कागद आला तरी त्या घाबरतील, चांगला असला तरी. कोणी लिहिलं, कसं लिहिलं, ते त्यांना कळलं पाहिजे. जा आता, मला भात लावायचा आहे."

मला पुढे ठाण्यात एका फर्ममध्ये नोकरी लागली. आठवडाभर तिथे काम आणि रविवारी यादी. मोहने, नेतिवली, दिवा, कोपर, पत्रीपुलाच्या अलीकडची चाळ. दार वाजवायचं, नाव सांगायचं आणि म्हणायचं, तुमच्या राजीनाम्याचा मजकूर मी लिहिला होता. पहिल्या रविवारी तीन घरं झाली आणि घरी येऊन मला ओकारी झाली. एकीने तोंडावर दार लावलं. एकीच्या नवऱ्याने विचारलं, "मग आता काय पाहिजे तुला?"  एक म्हातारी नुसतं म्हणाली, "उन्हाची आलीस, बस." आणि मग तासभर मला आपल्या सुनेबद्दल सांगत राहिली. ऑपरेशननंतर सुगंधा आता उठून चहा करू लागली होती. तिच्या मुलीने तो झेरॉक्सचा कागद पुढे केला आणि मला विचारलं, "यात 'स्वखुशीने' कशाला लिहिलंत? खुशीने कोणी नोकरी सोडतं का?" बारावीतली मुलगी. तिला मी सगळं समजावून सांगितलं. कुठला शब्द कशासाठी घालतात, तारीख कोरी का ठेवतात, सही करण्याआधी काय बघायचं. तिने वहीत लिहून घेतलं.

यादीतलं शेवटचं नाव गेल्या रविवारी झालं. संध्याकाळी मी रजाबाईंना फोन लावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"बोल, परब."

"मॅडम, छत्तीस झाल्या."

"बेचाळीस होत्या."

"सहा जणी गावाला गेल्यात. त्या इथे नाहीत."

पलीकडून मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. शाबास नाही, तेवढं मी मागत नव्हते; पण निदान 'बरं' तरी.

"मग गावाचे पत्ते काढ," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दोन पत्ते मिळालेत. एक चिपळूणच्या पुढचा आणि एक कराडजवळचा. मी रजा टाकली आहे.